दवाखान्यापोटी तीन हजार

पाकीट उघडण्याची त्याची एक पद्धत होती. आधी ते टेबलावर दोनदा आपटायचं, म्हणजे आतले कागद तळाला जातात. मग वरच्या काठातून सुरी एका दमात ओढायची. तेवीस वर्षांत त्याच्या सुरीखाली एकही चेक कापला गेला नव्हता. क्रेडिट कार्ड कंपनीच्या तळघरातल्या पाकीट विभागात एवढ्या गोष्टीला मान होता. नव्या माणसाला त्याच्या शेजारी बसवत आणि सांगत, हात बघ, तोंड बघू नकोस, तोंडानं तो काही शिकवत नाही.

हे खरं होतं. तो फारसा बोलत नसे.

चेक उजवीकडे, बिलासोबतची स्लिप डावीकडे, छापील बाजू वर. स्लिपा पुढे यंत्रात जात, आणि यंत्राला डोळा एकच, तोही वरच्या बाजूला. पाठीमागे कुणी पेननं काही लिहिलं असेल तर ते माणसानं वाचायचं आणि ठरवायचं. पत्ता बदलला असेल, तक्रार असेल किंवा प्रश्न असेल तर निळ्या ट्रेमध्ये. बाकी सगळं खोक्यात. नव्वद दिवसांनी खोकं कातरणाऱ्या यंत्राच्या तोंडी.

लोक बरंच काही लिहीत. उशिराबद्दल माफी असावी. तुमच्या फोनवरच्या बाईंना बोलायची रीत शिकवा. एका गृहस्थानं तीन महिने बुद्धिबळाची एकेक चाल लिहून पाठवली होती. विभागातल्या एकानं उलट चाल पाठवण्याची परवानगी मागितली, ती नामंजूर झाली. लोक खाली कुणीतरी बसलंय असं धरून चालत. आणि तसं कुणी बसलेलं होतंच, हीच त्यातली अडचण.

त्याची ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती पडदे शिवायची. घरचे, दुकानांचे, एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, भिंतीला लागून दोन मशिनं, एक साधं आणि एक जाड कापडाचं मोठं. तो पंचावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला बाळ्या म्हणायची, गिऱ्हाइकासमोरसुद्धा.

तिच्या धंद्यात उधारी असायचीच. एकाच घराकडे खिडकीच्या पडद्यांचे आणि दाराच्या पडद्यांचे असे वेगवेगळे पैसे राहिलेले असायचे. कुणी पैसे घेऊन आलं की ताई वही उघडायची, पेन्सिल जिभेला लावायची आणि विचारायची, "कशापोटी?" गिऱ्हाईक म्हणालं खिडकीपोटी, तर खिडकीत लिहायची. कुणी म्हणालं तुम्हीच लिहा कशातही, तर रागवायची. "पैसे तुमचे. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. उद्या म्हणाल बाईनं गोंधळ घातला."

कार्ड तिला त्यानंच घ्यायला लावलं होतं. त्या वर्षी कंपनीची योजना होती, कर्मचाऱ्यानं एक नवं गिऱ्हाईक आणलं की त्याला भिंतीवरचं घड्याळ. मोठ्या मशिनाचं अठ्ठेचाळीस हजारांचं कर्ज ताई एका सावकारी दुकानाला फेडत होती. त्यानं ते कार्डावर आणून दिलं. व्याज नावापुरतं, महिन्याला शेकडा अर्धा. त्यात खोटं काही नव्हतं. ताई खूश झाली. घड्याळ त्याच्या घरी लागलं.

महिन्याभरातच भावोजींच्या छातीचं ऑपरेशन निघालं. ताईनं त्याच कार्डावर चाळीस हजार रोख काढले. रोखीचं व्याज महिन्याला शेकडा तीन. हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं मनाशी ठरवलं की आधी दवाखान्याचे फेडायचे, मशिनाचे सावकाश. महिन्याला तीन हजार जमत होते. पहिला चेक तिनं पाकिटात घातला आणि स्लिपच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं: हे तीन हजार दवाखान्यापोटी जमा करावेत.

तिच्या भागातली पाकिटं त्याच्या टेबलावर येत. त्यानं पाकीट दोनदा आपटलं, सुरी ओढली, आणि बहिणीचं अक्षर हातात आलं.

नातेवाइकाचं पाकीट निघालं तर शेजारच्याकडे सरकवायचं, असा नियम होता. त्यानं ते सरकवलं नाही. ताईनं कर्ज काढलंय हे शेजारच्याला कशाला कळायला हवं? तेव्हा त्याला हे आपलं चांगुलपण वाटलं होतं. चेक उजवीकडे, स्लिप डावीकडे. पण स्लिप यंत्रातून फिरून आल्यावर ती खोक्यात टाकताना त्याचा हात अडला. त्यानं ती डब्याच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच आलं. दवाखान्यापोटी. त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा हिशेबनीस खाली चहाला आला होता. हिशेबनिसालाच त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एका कार्डावर दोन कर्जं असली, एक हलक्या व्याजाचं, एक जड, तर आलेले पैसे कशात जातात?"

"आधी व्याजात. उरतील ते हलक्या कर्जात."

"मग जड कधी फिटतं?"

"हलकं संपल्यावर. दुभती गाय आधी कोण विकतो रे?"

"आणि एखाद्यानं मागे लिहिलं, हे अमक्यापोटी, तर?"

हिशेबनीस हसला. "पाकिटावर देवाचा पत्ता लिहिला म्हणून ते देवाला पोचतं का?"

"पण पैसे त्याचे आहेत."

"आपल्याकडे येईपर्यंत. आणि हे काय चोरून चाललंय का? छापलंय स्टेटमेंटच्या मागे. अकरावं कलम. छापलं म्हणजे सांगितलं."

त्यानं त्या दुपारी अकरावं कलम वाचलं. तीन ओळी होत्या, चष्मा काढून कागद नाकाशी धरावा लागला. ताईला येणाऱ्या स्टेटमेंटवर पुढच्या बाजूला आकडा एकच असायचा, एकूण येणं. कशातलं किती फिटलं, ते तिथे नव्हतं.

रविवारी तो ताईकडे गेला तो सांगायचंच म्हणून. ती गुडघ्यावर बसून पडद्याची दुमड टाचत होती, तोंडात टाचण्या. भावोजी आतल्या खोलीत खुर्चीत. तो दारात उभा राहून शब्द जुळवत राहिला. सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार की तुझी पाकिटं मी उघडतो. मग ती विचारणार, मग कार्ड घ्यायला कुणी लावलं? आणि मग ते घड्याळ. शेवटी तो एवढंच म्हणाला, "भावोजी बरे ना?"

"ठणठणीत," ताई टाचण्यांमधून म्हणाली.

पुढच्या रविवारी सांगू, असं ठरलं. पुढच्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या महिन्यात सांगण्यात आणखी एक वाक्य वाढलं होतं, की मला हे महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. चौथ्या महिन्यात ते वाक्य आणखी लांबलं. न बोललेल्या गोष्टीलाही व्याज लागतं, आणि त्याचा दर कुणी छापत नाही.

स्लिपा येत राहिल्या. सुरुवातीला एकच ओळ असायची. मग ताईला सवय लागली असावी. शिवणाऱ्या बाईला दिवसभर बोलायला कुणी नसतं.

दवाखान्यापोटी. साहेब, पावती पाठवत नाही तुम्ही, पण हरकत नाही, मी लिहून ठेवते.

दवाखान्यापोटी. आठवडा उशीर झाला. हॉटेलवाल्याने पैसे अडवलेत, रंग दाखवला तसा नाही म्हणतो. रंग तोच आहे, त्याचे दिवे पिवळे आहेत.

दवाखान्यापोटी. साहेब, मिस्टरांना जिना चढताना पुन्हा धाप लागते. घरी कुणाला सांगितलेले नाही. तुम्हाला लिहिते, तुम्ही ओळखीचे नाही म्हणून.

ही तेरावी. ती वाचून त्यानं सुरी खाली ठेवली आणि पाणी प्यायला उठला. त्या रविवारी त्यानं ताईला विचारलं, भावोजी बरे ना? ती म्हणाली, ठणठणीत. त्यानं मान हलवली. दोघांनी चहा घेतला. बहिणीच्या तोंडाकडे बघत तो तिच्या स्लिपची पाठ वाचत होता, आणि तिला वाटत होतं की आपला भाऊ नेहमीसारखा गप्प आहे.

असे बावीस महिने गेले. स्लिपा त्यानं बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवल्या होत्या, कपाटात, हिवाळी कपड्यांच्या मागे.

बाविसावी बुधवारी आली. अक्षर दाटून बसवलेलं होतं, कारण मजकूर जास्त होता.

दवाखान्यापोटी, बहुधा शेवटचे. साहेब, माझ्या हिशेबाने दवाखान्याचे फिटले. तसे कळवावे. आता हे तीन हजार जाऊन जे एक्कावन्न हजार आठशे उरतात ते मशिनाचे अठ्ठेचाळीस आणि वर व्याज असे धरते. आता मशिनाच्या कर्जासाठी पुन्हा तेवढी वर्षे शिवणे होणार नाही. डोळे साथ देत नाहीत. म्हणून मोठे मशीन विकून टाकते. शनिवारी माणूस येऊन नेणार आहे. पंचेचाळीस देतो. घरात अजून बोलले नाही.

हा प्रश्न होता. नियमानं निळ्या ट्रेमध्ये जायला हवा. तिथून एकवीस कामाच्या दिवसांत छापील उत्तर जाणार, त्यात अकरावं कलम पुन्हा छापलेलं. शनिवारला मध्ये दोन दिवस होते.

त्यानं रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. बावीस महिन्यांत ताईनं सहासष्ट हजार दिले होते. मशिनाचं कर्ज बारा हजारांच्या आत आलं होतं. दवाखान्याचे चाळीस हजार होते तिथेच होते, एक पैसा न हललेले. म्हणजे जे मशीन ती फेडलं नाही म्हणून विकायला निघाली होती, ते जवळजवळ तिच्या मालकीचं झालं होतं. मग त्यानं तोच हिशेब ताईच्या मनाप्रमाणे मांडला. दवाखाना आधी, मशीन मागून. तसं झालं असतं तर आज साडेचाळीस हजार राहिले असते. फरक अकरा हजार तीनशे. तो आकडा त्यानं दोनदा तपासला. बेरीज चुकावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, खोकं दाखवलं. म्हणाला, कर्मचारी फंडातून कर्ज काढून कार्ड एकदम बंद करावं म्हणतो, तुझं काय मत?

ती स्लिपा चाळत होती. "माझं मत कशाला? तुमच्या गप्प बसण्यानं गेलेत, तुम्ही भरा." मग म्हणाली, "आणि मला वाटायचं तुम्ही रविवारी ताईंकडे मायेनं जाता."

"मायेनंच जातो."

"असेल." तिनं खोक्याला झाकण लावलं. "ते घड्याळ काढा तिथून. मला आता वेळ बघवणार नाही त्यात."

फंडाचा अर्ज त्यानं गुरुवारी दिला. कारकुनानं विचारलं, तेवीस वर्षांत पहिल्यांदा कर्ज काढताय, कशासाठी? तो म्हणाला, घरगुती. तासाभरात सही झाली, शुक्रवारी चेक हातात. वीस महिने जे त्याला जमलं नव्हतं ते एका तासाचं काम होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी कामावरून तो बुटांचं खोकं घेऊन परस्पर ताईकडे गेला. ती मोठ्या मशिनाला तेल देत होती. सुईखालची पट्टी उघडून ब्रशनं कापसाची भुकटी काढली होती, आता जादा तेल टिपायला एक चिंधी टाके घालत पुढे-मागे चालवत होती. विकायचं जनावर धुऊन पुसून काढावं तसं.

"ये. चहा तुझा तू करून घे, माझे हात तेलाचे आहेत."

"ताई, मशीन विकू नकोस."

चिंधी थांबली.

"विकतेय हे तुला कुणी सांगितलं?"

त्यानं खोकं कापायच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. ताईनं हात पुसले. वरची स्लिप उचलली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे तर मी पाठवलेलं."

"हं."

तिनं सगळ्या बाहेर काढल्या आणि तारखेप्रमाणे टेबलावर लावल्या, पडद्याचे तुकडे जुळवते तशा, कडेला कड. बावीस. मग ती म्हणाली, "म्हणजे तू वाचत होतास."

"तुझ्या भागातली पाकिटं माझ्याच टेबलावर येतात."

"सगळी?"

"सगळी."

तिनं तेरावी उचलली. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, आवाज खाली आणला. "ही पण?"

"ही पण."

"आणि रविवारी येऊन विचारायचास, भावोजी बरे ना."

"हो."

"आणि मी ठणठणीत म्हणायचे."

"हो."

"मी तुला साहेब म्हणत होते, बाळ्या."

आतून भावोजींनी विचारलं, कोण आलंय? ताई म्हणाली, बाळ्या आलाय. ते म्हणाले, मग काही आवाज कसा नाही? आणि स्वतःच म्हणाले, बाळ्या आहे म्हणूनच.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. हलकं आणि जड, अकरावं कलम, बारा हजार आणि चाळीस, आणि तिच्या मनाप्रमाणे झालं असतं तर मशिनाचे नुसते साडेचाळीस उरले असते तेही. ती लक्ष देऊन ऐकत होती, गिऱ्हाईक माप सांगत असल्यासारखी.

"म्हणजे मी खिडकीपोटी दिले आणि त्यांनी दारात लिहिले."

"हो."

"मला न विचारता."

"विचारत नाहीत. छापलेलं असतं."

"मी असं केलं असतं तर गिऱ्हाईक माझी कात्री उचलून घेऊन गेलं असतं." तिनं स्लिपांच्या कडा पुन्हा जुळवल्या. "तुला कधी कळलं?"

परवा म्हणता आलं असतं. सहा महिन्यांपूर्वी म्हणता आलं असतं.

"दुसऱ्या महिन्यात."

ताईनं दुसऱ्या स्लिपवर बोट ठेवलं आणि तिच्यापुढच्या मोजत गेली, शेवटपर्यंत. वीस.

"बोलला असतास तर तेव्हाच दुसरीकडून काढून हे बंद केलं असतं. पतपेढी होती. तुझा फंड होता."

"बोललो असतो तर तू विचारलं असतंस, कार्ड घ्यायला कुणी लावलं."

"विचारलं असतंच. मग? चार शिव्या दिल्या असत्या, तू खाल्ल्या असत्यास, चहा झाला असता. तेवढ्या चार शिव्या चुकवायला एवढं?" मग तिनं विचारलं, "घड्याळ चालतं का अजून?"

"काढून ठेवलंय."

"का? घड्याळानं काय केलं?"

त्यानं खिशातून चेक काढला. म्हणाला, सगळे एक्कावन्न हजार आठशे मी भरतो. एकदम भरले की कशात लिहायचे हा प्रश्नच राहत नाही. मशीन ठेव.

ताईनं चेक हातात घेतला नाही. सवयीनं वही ओढली, पेन्सिल घेतली, आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "कशापोटी?"

"दवाखान्यापोटी."

"दवाखान्याचे मी दिलेत. हे काय, बावीस वेळा लिहून दिलेत. ते फिटले. ते कुठे लिहायचं ते कंपनी बघेल, माझ्या वहीत फिटले."

"मग मशिनापोटी."

"मशिनाचे साडेचाळीस होतात, तूच म्हणालास. तेवढे उसने घेते. महिन्याला तीन हजारांनी तुला परत." तिनं नवं पान काढून त्याचं नाव न घालता नुसतं बाळ्या असं लिहिलं आणि खाली आकडा. मग पेन्सिल ठेवली.

"आणि वरचे अकरा हजार तीनशे?"

"ते मी कशात लिहू? माझ्याकडे तसा रकानाच नाही. देणाऱ्यानं सांगायचं असतं."

तो उभा राहिला. टेबलावरच्या स्लिपा त्यानं गोळा करायला हात पुढे केला, तर तिनं त्या आधीच ओढून घेतल्या, एकावर एक ठेवल्या, आणि वहीत घातल्या.

"बाकीचे लिहितात का रे असं? मागे?"

"लिहितात."

"त्यांचं काय करतोस?"

"खोक्यात टाकतो."

चिंधी पुन्हा सुईखाली सरकवून तिनं मशीन सुरू केलं.

शनिवारी मशीन न्यायला माणूस आला. ताईनं त्याला परत पाठवलं. म्हणाली, मशीन भावाचं आहे, मी नुसती शिवते त्याच्यावर. कार्डाचे सगळे पैसे सोमवारी भरले गेले, कार्डाचे दोन तुकडे करून तिनं ते टाचण्यांच्या डबीत टाकले.

सोमवारीच त्याच्या हातात एक स्लिप आली, कुणा अनोळखी माणसाची: हे मुलीच्या फीपोटी घ्यावेत. त्यानं ती निळ्या ट्रेमध्ये ठेवली. संध्याकाळी विभागप्रमुख बाईंनी ती परत आणून दिली. "ही सूचना आहे, तक्रार नाही. तुम्हाला मी सांगायला हवं का?" दुसऱ्या दिवशी त्यानं तसलीच दुसरी ठेवली. तीही परत आली. तो रोज ठेवतो, त्या रोज परत येतात. त्यामुळे कुणाचा एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. त्याला फक्त पूर्वीसारखं पटकन खोक्यात टाकता येत नाही, आणि त्याचं काम आता इतरांपेक्षा मागे पडतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई त्याच्या हातात पाकीट देते. तिच्यासमोर उघडावं लागतं. तो ते दोनदा टेबलावर आपटतो, ताई सुरीऐवजी कात्री पुढे करते. आत तीन हजार आणि बिलाच्या वहीतला एक कागद. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं: मशिनापोटी. साहेब, पावती द्यावी.

तो पावती लिहून देतो. ताई ती वाचते, घडी करते, वहीत ठेवते.

त्याखाली पूर्वी चारदोन ओळी असायच्या. हॉटेलवाल्याबद्दल, पिवळ्या दिव्यांबद्दल, जिन्याबद्दल. आता कागद तिथून खाली कोरा असतो. तो तरीही पालथा करून दोन्ही बाजू बघतो. मग विचारतो, "भावोजी बरे ना?"

"बरे आहेत," ताई म्हणते, आणि पुढच्या पडद्याची दुमड टाचायला बसते.